शीर्षासनातला योगी आणि केसोबाचा पाय

एका जंगलात एक पोथी राहायला आली.

जंगलात कोण कोण राहायला येतं ते तुम्हाला ठाऊक आहे, बाळांनो. ससे येतात, कोल्हे येतात, पावसाळ्यात चार महिने बेडूक येतात. पण पोथी राहायला येणं ही जरा नवीन गोष्ट, म्हणून सांगते.

ही पोथी फार लांबून आली होती. समुद्रापलीकडे एक थंड मुलूख आहे. तिथल्या एका मठात सातशे-आठशे वर्षांपूर्वी काही संन्यासी ती लिहीत बसले होते. भाषा लॅटिन. थंडीने बोटं आखडायची, मग हात चोळायचे, मग पुन्हा लिहायचे. सगळं आकाश त्यांनी त्यात उतरवलं. ग्रहांची चक्रं काढली. चंद्र कोणत्या दिवशी कुठे असेल त्याची कोष्टकं मांडली. ग्रहण कधी लागेल, केस कधी कापावेत, औषध कधी घ्यावं, प्रवासाला कधी निघू नये, सगळं लिहिलं. म्हणजे आपल्या पंचांगासारखंच. फक्त जास्त जाड, आणि मागच्या पानावर उदबत्तीची जाहिरात नाही.

एक विद्वान साहेब ती पोथी पेटीत घालून हिंडायचा. त्याची छावणी या जंगलात पडली. चौथ्या दिवशी लाल मुंग्यांनी साहेबाला उठवलं. छावणी इतक्या घाईने हलली की ती पेटी घाणेरीच्या झुडपात उघडीच राहिली.

पोथीचा शोध पहिल्यांदा वाघाला लागला. वासावरून.

"वासरू आहे," वाघ म्हणाला. "फार जुनं आहे, पण वासरूच आहे."

त्याचं चूक नव्हतं. त्या काळी तिथे वासराच्या कातड्यावर लिहीत. शंभरेक वासरं तरी त्या पोथीत गेली असतील. गव्याने हे ऐकलं आणि तो पलीकडे जाऊन उभा राहिला.

"महाराज, हे खाण्याचं नाही," वरून आवाज आला. "ही पोथी आहे."

बोलणारा होता धनेश पक्षी. धनेशाच्या चोचीवर एक मोठं शिंग असतं. लांबून पगडीच वाटते. ती पगडी बघून सगळे त्याला लहानपणापासून शास्त्रीबुवा म्हणायचे. मग त्यालाही शास्त्री होण्यावाचून दुसरं काही सुचलं नाही.

"पोथी आहे हे तुला कसं कळलं?" वाघाने विचारलं.

"जाड आहे. जुनी आहे. कोणाला कळत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

हे सगळ्यांना पटलं. पोथी एका वारुळावर ठेवली. मुंग्यांना थोडे दिवस बाजूला राहायला सांगितलं. हरणांनी फुलं आणली. पोथी उघडायच्या आधी सगळ्यांनी ओढ्यात पाय धुतले. ज्यांना चार पाय होते त्यांनी चारही धुतले.

शास्त्रीबुवांनी पोथी उघडली. आता बघा हं. पोथीची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे अक्षर कळल्याशिवाय कळत नाही. शास्त्रीबुवांनी ती उलटी ठेवली.

पानावर एक चित्र होतं. एक माणूस. अंगावर कपडा नाही. डोकं खाली आणि पाय वर.

"योगी," शास्त्रीबुवा हळूच म्हणाले. "शीर्षासनात आहेत."

सगळ्यांनी नमस्कार केला.

"पण यांचे कपडे?" एका म्हाताऱ्या माकडिणीने विचारलं.

"सिद्ध पुरुष आहेत, आजी. त्यांना थंडी वाजत नाही."

त्या योग्याच्या अंगभर प्राणी काढलेले होते. डोक्यावर मेंढा. मानेवर बैल. छातीवर खेकडा. पावलांवर दोन मासे. विंचू अशा जागी होता की सगळ्या बायकांनी एकदम आकाशाकडे बघितलं. छातीमागून, पाठीकडून, एक सिंहही डोकावत होता, आणि त्यावरून वाघाचा चेहरा उतरला.

"माझं चित्र नाही यात," वाघ म्हणाला.

"तो सिंह म्हणजे आपणच, महाराज," शास्त्रीबुवा घाईने म्हणाले. "परदेशात पट्ट्यांचा रंग मिळत नाही."

वाघ खूश झाला. शास्त्रीबुवांना धीर आला. त्यांनी एका पायावर उभं राहून, डोळे मिटून, पोथीचा अर्थ सांगायला सुरुवात केली.

"शरीर आपलं नाही," ते म्हणाले. "आपण फक्त राहतो. एकेका अवयवाचा एकेक मालक आहे. मालकाला विचारल्याशिवाय त्या जागेला हात लावायचा नाही. खाजवायचं नाही, कापायचं नाही, टोचायचं नाही. आणि मालकाच्या घरी चंद्र आला असेल तर विचारायलाही जायचं नाही. त्या दिवशी तो कोणाला भेटत नाही."

गंमत सांगू? पोथीतही साधारण असंच काहीतरी लिहिलं होतं. चंद्र ज्या राशीत असेल त्या राशीच्या अवयवाला शस्त्र लावू नका, असं. न वाचताही शास्त्रीबुवांचं बरंचसं बरोबर आलं. थोडीशीच अडचण होती, ती पावलांची.

"पावलांचे मालक मासे का?" घोरपडीने विचारलं.

"योगी उभे कशावर आहेत?" शास्त्रीबुवांनी उलट विचारलं.

"डोक्यावर."

"जे जमिनीला टेकतं ते पाऊल. म्हणजे त्यांचं डोकं हेच पाऊल. डोक्यावर कोण आहे?"

"मेंढा."

"मग आपल्या पावलांचा मालक मेंढा."

घोरपडीने मान डोलावली. तिला वाटलं, इतकं अवघड आहे म्हणजे खरंच असणार.

तर बाळांनो, असं पारायण सुरू झालं. रोज सकाळी शास्त्रीबुवा ओळींवरून चोच फिरवायचे आणि लांब हूंऽऽ करायचे. सगळे हात जोडून ऐकायचे. कळत नव्हतं, पण पोथी ऐकताना कळलंच पाहिजे असं कुठे आहे? कानावर पडलं तरी पुरतं.

मात्र नियमांनी थोडी तारांबळ झाली. छाती खेकड्याकडे गेली. कोणाला खोकला आला तर आधी ओढ्यावर जाऊन खेकड्याला विचारायचं. खेकडा आधीपासूनच आडवा चालायचा, आता तो आडवं बोलायलाही लागला. "उद्या या," म्हणायचा. लोक उद्यापर्यंत खोकला धरून ठेवायचे. पाठ सिंहाकडे, म्हणजे वाघाकडे होती. एक माकड पाठ खाजवायची परवानगी मागायला वाघाकडे गेलं. ते अजून यायचं आहे. तेव्हापासून कोणीही पाठ खाजवेना.

नियम लागू झाले बुधवारी. गुरुवारी केसोबाच्या पायात काटा गेला.

केसोबा म्हणजे आपलं अस्वल. मोठा प्रेमळ, थोडा कुरकुऱ्या, आणि झाडावर चढण्यात त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही. बाभळीचा काटा होता. उजव्या पावलात खोल गेला आणि आतच मोडला.

त्याची बायको गोदू. फार देवभोळी. सोमवार करायची, संकष्टी करायची, चातुर्मासात एखादी आवडती वस्तू सोडायची. कोणाचंही काही दुखलं की ती आधी देवाला सांगायची आणि मग वैद्याला.

जंगलात काटे काढायचं काम सुंदराकाकू करायची. सुंदराकाकू म्हणजे साळिंदर. ती दिवसा बिळात झोपलेली असायची, पण काटा म्हटलं की उठायची. स्वतःच्या अंगावरचा एखादा बारीक काटा घ्यायची, जखम उकलायची, "हं, तिकडे बघ," म्हणायची, आणि तुम्ही तिकडे बघेपर्यंत काम झालेलं असायचं.

गोदूने सुंदराकाकूला बोलावलं. काकू डोळे चोळत आली. तिने पाऊल हातात घेतलं आणि वरून हूंऽऽ ऐकू आलं.

"काकू, मेंढ्याला विचारलं का?" शास्त्रीबुवा फांदीवरून म्हणाले.

"कोणत्या मेंढ्याला?"

"पावलाच्या मालकाला."

"पाऊल केसोबाचं आहे," काकू म्हणाली. "आणि केसोबा इथे बसलाय. ओरडतोय."

"मी ओरडत नाहीये," केसोबा म्हणाला. "मी कण्हतोय."

काकू काढायला तयार होती. पण गोदूच्या तोंडून हो निघेना. ती नवऱ्याकडे बघत राहिली. पोथी मोडली आणि त्याचंच काही वाईट झालं तर? श्रद्धा असली की अशी भीतीही असते, बाळांनो. ती सोबतच राहायला येते.

"जंगलात मेंढा आहे कुठे?" गोदूने विचारलं.

"नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "हीच अडचण आहे."

दिवसभरात पाऊल सुजलं. दुसऱ्या दिवशी सूज घोट्यावर गेली. तिसऱ्या दिवशी केसोबाने कुरकुर थांबवली, आणि तेव्हा गोदू खरी घाबरली.

सुंदराकाकूने पाऊल हुंगलं. "आज सूर्य मावळायच्या आत काटा निघाला पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर पाय जाईल. मग झाडावर चढणं नाही, काही नाही. मी काल सांगितलं, परवा सांगितलं. आता पुन्हा सांगणार नाही."

"मी येते जाऊन," गोदू म्हणाली.

"कुठे?"

"मेंढ्याकडे."

गोदू जंगलाच्या कडेपर्यंत पळत गेली. पलीकडे माळावर धनगराचा कळप चरत होता. धनगर झाडाखाली आडवा झाला होता. कुत्रं जागं होतं, पण अशी हात जोडत येणारी अस्वलीण त्याने आधी कधी बघितली नव्हती, त्यामुळे भुंकायचं त्याला सुचलं नाही.

कळपात एक मोठ्या वळणदार शिंगांचा मेंढा होता. गोदूने त्याला वाकून नमस्कार केला.

"मेंढेमामा, माझ्या यजमानांचं पाऊल तुमच्या ताब्यात आहे. त्यातला काटा काढू का?"

मेंढा चरायचा थांबला. "माझ्या ताब्यात?"

"पोथीत आहे तसं."

"बाई, माझी लोकरबी माझ्या ताब्यात न्हाई. दोनदा काढून न्येली यंदा." त्याने जरा विचार केला. "कुनाच्या पायाचा मालक हाय मी?"

"सगळ्यांच्या."

"धनगराच्याबी?"

"असेल."

मेंढ्याने झोपलेल्या धनगराच्या पायांकडे बराच वेळ बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. "काढ, बाई," तो म्हणाला. "दोन काढ हवं तर. आन तुझ्या मालकाला म्हनावं, बिनघोर ऱ्हा."

गोदू तशीच परत पळाली. वाटेत तिला धाप लागली, पण छाती खेकड्याच्या ताब्यात असल्यामुळे ती जपून धापा टाकत होती.

इकडे काय झालं ते ऐका. दुपारी सगळे पेंगत असताना वाघ पोथीपाशी आला. अलीकडे त्याची पोथीवर फार श्रद्धा बसली होती. तो रोज येऊन डोळे मिटून वास घ्यायचा. आज त्याने एकच पान चाटून बघितलं. चाटता चाटता पोथी फिरली. खालची बाजू वर आली आणि वरची खाली.

गोदू पोहोचली तेव्हा वारुळाभोवती गर्दी जमली होती. योगी पायांवर उभा होता.

"आसन सोडलं," शास्त्रीबुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "योग्यांनी आसन सोडलं. आपल्या पारायणाचं फळ."

"शास्त्रीबुवा, मेंढ्याने हो म्हटलंय," गोदू म्हणाली.

शास्त्रीबुवांनी चित्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांचं मन काही वाईट नव्हतं. "वहिनी, मेंढा आता डोक्याचा मालक झाला. तुमच्या यजमानांचं डोकं दुखत असेल तर लगेच काहीतरी करता येईल."

"पाऊल दुखतंय."

"पाऊल आता माशांकडे गेलं."

गोदू खाली बसली. मग उठली आणि ओढ्यावर गेली. पोथीत दोन मासे होते. एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. ओढ्यात तसेच दोन मासे सापडले.

"काटा काढू का?" गोदूने विचारलं.

"काढ," पहिला मासा म्हणाला.

"नको काढू," दुसरा म्हणाला.

"अहो, काहीतरी एक सांगा."

"आम्ही दोघांनी मिळून एक कधी सांगितलंय?" पहिला म्हणाला.

"सांगितलंय," दुसरा म्हणाला, आणि दोघं दोन दिशांना निघून गेले.

ऊन कलायला लागलं होतं. गोदू परत येऊन केसोबापाशी बसली. त्याचं पाऊल आता लहान भोपळ्याएवढं झालं होतं.

"राहू दे," केसोबा म्हणाला. "तीन पायांवरही अस्वल चालतं. चढायचं तेवढं तू चढ."

"मला चढता येत नाही."

"मी खालून सांगेन."

गोदूला रडू आलं. तिने डोळे मिटले आणि हात जोडले. पोथी मोडायची तिला भीती वाटत होती आणि नवरा मोडलेला बघवत नव्हता. मग तिने, कोणतीही व्रत करणारी बाई करते तेच केलं. आपण काय काय केलं आणि काय राहिलं, ते मनातल्या मनात मोजलं. पाय धुतले. फुलं वाहिली. रोज ऐकलं. नियम पाळले. मग राहिलं काय?

तिने डोळे उघडले.

"शास्त्रीबुवा," ती म्हणाली, "पारायण सुरू केलं तर उद्यापन करायचं असतं ना?"

"असतंच की," शास्त्रीबुवा म्हणाले. उद्यापनाला नाही म्हणणारा शास्त्री अजून जन्मायचा आहे.

"मग आपलं कधी?"

शास्त्रीबुवांनी याचा विचारच केला नव्हता. पारायण सुरू कसं करायचं ते त्यांना सुचलं होतं. संपवायचं कसं ते पोथीत चोच फिरवूनही सापडलं नव्हतं.

"योगी आसनावरून उठले," गोदू म्हणाली. "म्हणजे त्यांची सांगता झालीच. आपणच मागे राहिलो. उद्यापन राहिलं तर केलेलं सगळं अंगावर येतं, असं माझ्या सासूबाई सांगायच्या."

गर्दीत चुळबुळ झाली. अंगावर आधीच पुष्कळ खाज येत होती. त्यात आणखी काही यायला नको होतं.

"नैवेद्य काय आहे?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"पिकलेली उंबरं."

"किती?"

"तुम्ही पुरे म्हणाल तितकी."

"मुहूर्त चांगला आहे," शास्त्रीबुवा म्हणाले.

मग सगळे कामाला लागले. माकडांनी उंबरं पाडली. हरणांनी पळसाची पानं आणली. आरती झाली. मोराने थोडी उंच पट्टीत धरली, पण सगळ्यांनी सांभाळून घेतलं. गोदूने पोथीला नमस्कार केला, ती अलगद मिटली, पळसाच्या पानांत नीट गुंडाळली आणि वेलीने घट्ट बांधली. दोन गाठी मारल्या. मग थांबून तिसरी मारली.

शास्त्रीबुवा पानावर बसले. धनेशाची पद्धत अशी की फळ चोचीच्या टोकात धरायचं, वर उडवायचं आणि घशात झेलायचं. त्यात त्यांची समाधी लागायची.

"शास्त्रीबुवा," गोदूने आणखी दहा उंबरं वाढत विचारलं, "पोथी बांधली की आतले मालक काय करतात हो?"

"झोपतात," शास्त्रीबुवा म्हणाले आणि एक उंबर झेललं.

"मेंढा, मासे, सगळे?"

"सगळे."

"मग आम्हाला काही विचारायचं असलं तर त्यांना उठवायचं?"

"छे छे. झोपलेल्याला उठवणं महापाप. पोथीतल्याला तर त्याहून."

"म्हणजे विचारायचं नाही?"

"मुळीच नाही." आणखी एक उंबर वर गेलं.

"सुंदराकाकू," गोदू म्हणाली, "ये."

काकू येऊनच बसली होती. तिने स्वतःच्या अंगावरचा एक काटा उपसला, पाऊल मांडीवर घेतलं आणि केसोबाला म्हणाली, "हं, तिकडे बघ. शास्त्रीबुवा उंबर कसं झेलतात ते बघ."

केसोबाने बघितलं. उंबर वर गेलं. ते खाली यायच्या आत बाभळीचा काटा बाहेर आला होता. मागून पुष्कळ काहीतरी वाहिलं, ते मी सांगत नाही, तुम्ही जेवणार आहात. केसोबाने एक मोठा श्वास सोडला. खेकड्याला न विचारता.

सूर्य अजून चांगला दोन हात वर होता.

मग एका माकडाने हळूच पाठ खाजवली. काही झालं नाही. दुसऱ्याने खाजवली. बघता बघता सगळं जंगल खाजवायला लागलं. इतका आनंद त्या जंगलाने कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. खेकडा ओढ्याकाठी बसून एकटाच "उद्या या, उद्या या," म्हणत होता.

"बघितलंत?" शास्त्रीबुवा पोटावरून पंख फिरवत म्हणाले. "सात दिवसही झाले नाहीत आणि प्रचीती आली. पोथीने काटा काढला."

"काटा मी काढला," सुंदराकाकू म्हणाली.

"निमित्तमात्र, काकू. आपण सगळे निमित्तमात्र."

काकूने गोदूकडे बघितलं. तिला वाटलं, ही तरी काही बोलेल. पण गोदूचे डोळे भरून आले होते आणि ती पळसाच्या पानांतल्या त्या गाठोड्याला हात जोडून उभी होती.

"पोथीचाच गुण," गोदू म्हणाली. "आणि काकू, तुझ्या हाताचा. पण आधी पोथीचा."

काकू जांभई देऊन बिळात गेली.

आठ दिवसांनी केसोबा मोहाच्या झाडावर चढला. पुढे त्या पोथीची कीर्ती आसपासच्या जंगलांत पसरली. लांबून लांबून लंगडणारे दर्शनाला यायचे. गोदू त्यांना प्रेमाने बसवायची, प्रदक्षिणा घालायला लावायची, आणि मग म्हणायची, "आता पाच पावलं चालून त्या बिळापाशी जाऊन या." एकही जण लंगडत परत गेला नाही. कोणी हौसेने पोथी उघडून बघू का विचारलं, तर ती पटकन गाठींवर हात ठेवायची. "नको हो," म्हणायची. "आत सगळे झोपलेत."

तात्पर्य: पोथी कोणत्याही भाषेतली असो, ती मनोभावे पूजावी आणि घट्ट बांधून ठेवावी. ती कधीच कोणाचं वाईट करत नाही. उघडायचीच झाली, तर आधी आपल्या पायात काटा नाही ना, तेवढं बघून घ्यावं.